फळांची टिकाऊ चटणी: डाळिंब, पेरू, द्राक्षं, बोरं, कैरी (प्रमाणासह)

माळढोक

सोलापुरात चटणी म्हटलं की शेंगांचीच. पण डिसेंबरपासून मेपर्यंत इथल्या बाजारात डाळिंब, पेरू, बोरं, द्राक्षं आणि मग कैऱ्या अशी रांगच लागते, आणि संध्याकाळी उरलेला माल पडेल भावात मिळतो. त्याची शिजवलेली आंबट-गोड-तिखट चटणी नीट केली तर वर्षभर राहते. बऱ्याच कृतींत 'साखर चवीनुसार, व्हिनेगर थोडंसं' एवढंच लिहिलेलं असतं, आणि मग दोन महिन्यांत बरणी फसफसते. ही चटणी वजनावर करायची. आंबटपणा, साखर आणि आटलेलं पाणी या तिन्हींचा मेळ बसला की ती टिकते. एकही कमी पडलं की नाही.

सुरुवात पेरू-डाळिंबाने करतो. पेरूत पेक्टिन (फळ आळवणारा चिकट घटक) भरपूर असल्यामुळे चटणीला अंग येतं, डाळिंबाने रंग आणि तुरटसर चव येते. एकट्या डाळिंबाची चटणी होत नाही, पाकच होतो.

पेरू, पिकलेला पण दाबल्यावर घट्ट: १ किलो (बिया काढून साधारण ७०० ग्रॅम)
डाळिंबाचा रस: ५०० मिली (भगवा वाणाचं डाळिंब असेल तर सव्वा ते दीड किलो फळ)
साखर: ५०० ग्रॅम
व्हिनेगर, ४ टक्क्यांचं: २०० मिली
लिंबाचा रस: ४० मिली
कांदा बारीक चिरून: १०० ग्रॅम
आलं ३० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, दोन्ही ठेचून
बेदाणे: ७५ ग्रॅम
मीठ: २५ ग्रॅम
ब्याडगी तिखट: १५ ग्रॅम
पुरचुंडीत: दालचिनीचे दोन तुकडे, ६ लवंगा, १० मिरी, ३ वेलदोडे

पेरूची साल ठेवा, बियांचा गोळा चमच्याने काढा, पण फेकू नका. तो २०० मिली पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळा आणि ते चिकट पाणी चटणीत घाला. पेक्टिनचा मोठा वाटा तिथेच असतो.

जाड बुडाच्या, पसरट स्टीलच्या पातेल्याचं रिकामं वजन आधी करून कागदावर लिहून ठेवा. त्यात पेरूच्या फोडी, गाळलेलं पाणी, कांदा, आलं, लसूण, पुरचुंडी आणि निम्मं व्हिनेगर घालून झाकण ठेवून शिजवा. फोड चमच्याने सहज दबायला हवी. मगच साखर, मीठ, डाळिंबाचा रस आणि बेदाणे घालायचे. इथून पुढे झाकण नाही. मध्यम आच, लाकडी डाव, आणि शेवटची दहा मिनिटं हात थांबवायचा नाही, कारण तेव्हाच बूड धरतं. उरलेलं व्हिनेगर, लिंबू आणि तिखट शेवटच्या पाच-सात मिनिटांत. तिखट आधीपासून उकळलं तर काळं आणि कडसर होतं.

झाली हे कसं ओळखायचं? पातेल्यासकट वजन करा. आतली चटणी १.३ ते १.४ किलोवर आली की साखर-क्षार मिळून साठ टक्क्यांच्या आसपास जातात. काटा नसेल तर तळावरून डाव ओढा. पडलेली वाट दोन सेकंद उघडी राहिली पाहिजे, आणि गार बशीवर टाकलेल्या थेंबाभोवती पाण्याची कड दिसता कामा नये. गरम असताना चटणी सैल वाटते, गार झाल्यावर आणखी आळते. जामइतकी घट्ट होईपर्यंत आटवली तर दुसऱ्या दिवशी चमचा रुतत नाही.

सातरस्ता

फार नीट लिहिलंत. दोन शंका आहेत. डाळिंबाचे दाणे मिक्सरमधून काढले तर रस कडू लागतो, त्याला काय करायचं? आणि साखरेऐवजी सगळा गूळच घातला तर चालेल का?

कडकभाकरी

@सातरस्ता, रसाचं आधी. मिक्सर सलग फिरवला की बी फुटतं आणि तुरट-कडू उतरतं. फक्त दोन-तीन वेळा टिकटिक करून सोडायचं; दाण्याचं आवरण फुटतं, बी अख्खं राहतं. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं, पिळताना फार जोर लावायचा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाण्यांमधले पिवळट पापुद्रे आधी वेचून काढा. पुष्कळदा कडूपणा बियांपेक्षा त्यांचाच असतो. सोललेले दाणे पाण्यात टाकले की पापुद्रे वर तरंगतात.

गुळाचं म्हणाल तर निम्म्यापर्यंत घाला. वर्ण गडद होतो, डाळिंबाचा लाल रंग जवळजवळ जातो, पण चवीला खोली येते. सगळाच गूळ घातला तर दोन अडचणी. एक, गुळातले क्षार आणि सफाईला वापरलेला चुना आंबटपणा थोडा मारतात, म्हणून अर्धा किलोमागे १०-१५ मिली लिंबाचा रस वाढवावा लागतो. दोन, गुळात रेती-चिपाडं असतात. थोड्या पाण्यात विरघळवून गाळल्याशिवाय पातेल्यात घालू नका. आणि चिक्कीचा गूळ या कामाला अजिबात घेऊ नका, चटणी तार धरते आणि दाताला चिकटते. साधा पिवळसर, नखाने खरवडला जाणारा गूळ घ्या.

भगवा

डाळिंब निवडण्याबद्दल थोडं, कारण चटणीला लोक स्वस्तातलं फळ घेतात आणि तिथेच फसतात.

तेल्या रोगाचे डाग फक्त सालीवर असतील आणि साल तडकलेली नसेल, तर आतले दाणे बहुधा चांगले निघतात. तडकलेल्या फळात हवा-पाणी शिरलेलं असतं. तडकेच्या बाजूचे दाणे वास घेऊन, चाखून मगच घ्या. काही फळं बाहेरून धडधाकट दिसतात आणि कापल्यावर आत काळं, भुकटीसारखं निघतं. ती बुरशी आहे. असं फळ अख्खं टाकायचं, चांगले दिसणारे दाणे वेचत बसायचं नाही. उकळल्याने बुरशी मरेल, तिने सोडलेलं विष मरेलच असं नाही. म्हणून प्रत्येक फळ वेगळ्या वाटीत सोला आणि बघून मगच मोठ्या भांड्यात ओता.

भगव्याचा दाणा गोड, मऊ बियांचा आणि कमी आंबट असतो. म्हणून माळढोक यांच्या कृतीतलं लिंबू वगळू नका. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर अनारदाना' नावाचं आंबट वाण काढलं आहे, ते मुळात दाणे वाळवून अनारदाना करण्यासाठी. तसं आंबट फळ मिळालं तर लिंबाची गरज राहत नाही, साखर मात्र ७०-८० ग्रॅम वाढवा.

सातरस्ता

आमच्याकडे पितळी पातेलं आहे, मोठं आणि पसरट. चालेल?

माळढोक

@सातरस्ता, कल्हई ताजी आणि अखंड असेल तरच. कल्हई उडालेल्या जागी आंबट पदार्थ तांबं सोडवून घेतो आणि ते पोटात जाणं बरं नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंडी कढई दोन्ही नको. डाळिंबातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला लागलं की चटणी शाईसारखी काळी पडते, आणि तो रंग पुन्हा सुधारत नाही. जाड स्टील किंवा न टवका उडालेलं एनॅमल उत्तम. ढवळायलाही लोखंडी उलथनं घेऊ नका.

रंगाचं आणखी एक. डाळिंबाचा लाल रंग आंबटात टिकतो आणि फार वेळच्या आचेने मरतो. म्हणून रस नंतर घालायचा, आणि पातेलं पसरट हवं, म्हणजे पाणी लवकर उडतं. उंच डब्यासारख्या पातेल्यात तीच चटणी दुप्पट वेळ शिजते आणि तपकिरी होते.

नान्नजकर

द्राक्षांची चटणी मी लिहितो. सोनाका आणि शरद सीडलेस ही दोन्ही वाणं नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतली. चटणीसाठी यातली काळी शरद घ्यावी. सोनाकाची चटणी चवीला चांगली होते, पण शिजवल्यावर मळकट हिरवी दिसते.

द्राक्षाची अडचण एकच, पाणी. किलोभर द्राक्षांत आठशे ग्रॅम पाणी असतं. साखर सुरुवातीला घातली तर ती तासभर आचेवर राहून करपट लागते. म्हणून १ किलो मणी धुऊन, हाताने कुस्करून, नुसतेच आटवायचे. निम्म्यावर आले की ३०० ग्रॅम साखर, १५० मिली व्हिनेगर, १०० ग्रॅम बेदाणे, ५० ग्रॅम कांदा, ४० ग्रॅम आलं, २० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम तिखट आणि एक चमचा भाजून भरडलेली बडीशेप. शेवटी साधारण एक किलो उरते. बेदाणे शिजताना पाणी ओढून घेतात, त्यामुळे आटवायचा वेळही वाचतो.

ही चटणी फ्रिजमध्ये ठेवल्यावर कधी दाताखाली बारीक खडे येतात. ती साखर नव्हे. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल थंडीत क्षार होऊन बसतं. खायला निर्धोक आहे, आणि गरम केली तरी पुरतं विरघळत नाही. टाळायचं असेल तर आटवलेला रस साखर घालण्याआधी एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा, तळाला बसलेले खडे सोडून वरचं ओतून घ्या.

बार्शीकर

बोरांचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. उमराण बोरं, पिवळी होऊन किंचित लाली आलेली पण सुरकुतलेली नाहीत अशी. बोरात आंबटपणा बेताचा, म्हणून जोडीला चिंच हवीच. आमच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी चिंच येते, तेव्हा दोन्ही एकदम हाताशी असतात.

१०० ग्रॅम चिंच (चिंचोके, शिरा काढून) २०० मिली गरम पाण्यात तासभर भिजवून घट्ट कोळ काढायचा, तो साधारण २०० ग्रॅम येतो. बोरं दीडशे मिली पाण्यात शिजवून पुरणयंत्रातून काढायची, बिया वर राहतात. असा गर ५०० ग्रॅम, गूळ ३५० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, तिखट १० ग्रॅम, सुंठ ५ ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड १० ग्रॅम. सगळं मिळून साडेआठशे-नऊशे ग्रॅमवर आणायचं. इथे व्हिनेगर नको, चिंच पुरते. फोडणी देऊ नका. वर तेल आलं की खाली ओलावा अडकतो. द्यायची तर वाढताना द्यावी.

कीड लागलेली बोरं ओळखायला प्रत्येक बोर उभं चिरून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

केळीबाग

कंदरकडची केळी भरपूर येतात. केळ्याची किंवा पपईची अशीच चटणी करता येईल का? शिवाय सीताफळाचीही कुणी केली आहे का?

माळढोक

@केळीबाग, इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण हा चवीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असेल तर बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढत नाही. घरच्या चटणीत तो ४.० च्याही खाली ठेवायचा, म्हणजे मोजण्यातली चूक अंगाशी येत नाही. कैरी, चिंच, द्राक्ष, डाळिंब मुळातच या रेषेच्या खाली आहेत. पेरू काठावर. केळं आणि पपई बरीच वर, पिकलेली पपई तर पाचच्याही पुढे जाते. त्यात कांदा-लसूणही कमी आंबट. म्हणजे केळ्याच्या चटणीत व्हिनेगर कमी पडलं तर बाहेर ठेवलेली बंद बरणी धोक्याची ठरते, आणि तो धोका वासावरून किंवा चवीवरून कळत नाही.

म्हणून केळं-पपई मुख्य फळ म्हणून घेऊ नका. कैरीच्या किंवा चिंचेच्या चटणीत एकूण फळाच्या पाव भागापर्यंत मिसळा. नुसत्या केळ्याची हवीच असेल तर थोडी करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

सीताफळ शिजवूच नका. गर तापला की कडवट होतो, कितीही साखर घातली तरी तो कडूपणा दबत नाही.

भगवा

पीएच मोजायच्या कागदी पट्ट्यांबद्दल: डाळिंबाच्या किंवा काळ्या द्राक्षांच्या चटणीत पट्टीच लाल होते, वाचता येत नाही. खिशात मावणारा मीटर घ्या आणि प्रत्येक वेळी ४.० च्या बफर द्रावणात (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणात) तपासून मगच चटणीत घाला. चटणी खोलीच्या तापमानाला आलेली हवी.

कडकभाकरी

कैरी राहिली. तीच सगळ्यात जास्त जण करतात आणि तीच जास्त बिघडते, म्हणून माझं प्रमाण देते.

सोललेल्या कैरीच्या बोटभर लांब फोडी १ किलो, साखर ८०० ग्रॅम, मीठ ३५ ग्रॅम, आलं ४० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, तिखट १५ ग्रॅम, व्हिनेगर १०० मिली, पुरचुंडी वरच्यासारखीच. दीड किलोच्या आसपास होते.

फोडी चामट होतात ही नेहमीची तक्रार. कारण सरळ आहे: कच्च्या फोडीवर एकदम सगळी साखर पडली की ती फोडीतलं पाणी बाहेर खेचते, फोड आक्रसते आणि मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. आधी १०० मिली पाण्यात झाकण ठेवून फोडी पारदर्शक होईस्तोवर वाफवा, पाच-सात मिनिटं पुरतात. मग साखर तीन हप्त्यांत, मधे पाच-पाच मिनिटं जाऊ देऊन. व्हिनेगर मात्र फोडी मऊ झाल्यावरच, कारण आंबटात फोड शिजायला वेळ लावते. उलट ज्यांना फोडी अख्ख्या राहायला हव्यात त्यांनी थोडं व्हिनेगर आधी घालावं.

पाड लागलेली कैरी मिसळू नका. तिचा गर विरघळतो, कच्च्या फोडी तशाच राहतात, आणि चटणी दोन जातींची दिसते.

सातरस्ता

बरण्यांचं कुणीतरी सांगा की ओ. मी उकळत्या चटणीने बरणी भरते, उलटी करून ठेवते. झाकण घट्ट बसतं. तेवढं पुरतं ना?

माळढोक

@सातरस्ता, ताई, उलटी ठेवण्यावर भरवसा ठेवू नका. झाकण ओढलं जातं, पण वरच्या पोकळीतली बुरशी मरेल इतका वेळ उष्णता तिथे टिकत नाही.

२५० ग्रॅमच्या काचेच्या बरण्या पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या आणि गरम असतानाच भरा. गार बरणीत उकळती चटणी ओतली तर तडकते. वर एक-सव्वा सेंटिमीटर जागा सोडा. पातळ सुरी कडेने फिरवून आत अडकलेली हवा काढा, तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. साखरेचा एक थेंब जरी काठावर राहिला तरी झाकण नीट बसत नाही. झाकण हलक्या हाताने लावून बरण्या मोठ्या पातेल्यात फडक्यावर ठेवा, वरून दोन बोटं पाणी येईल अशा. पाण्याला उकळी फुटल्यापासून १५ मिनिटं. समुद्रकाठच्या गावांसाठी दहा मिनिटं सांगतात. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी शंभर अंशांच्या थोडं खालीच उकळतं, म्हणून पाच मिनिटं जास्त.

बारा तासांनी झाकणाच्या मध्यावर बोट दाबा. टक्-टक् वर-खाली होत असेल तर ती बरणी फ्रिजमध्ये आणि आधी संपवायची. जामच्या जुन्या बाटल्या चालतात, जुनी झाकणं चालत नाहीत. आतला रबरी थर दबलेला असतो. झाकणं नवी आणा.

आणि ठेवायची कुठे? इथल्या एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलेली चटणी खराब होत नाही, पण काळी पडते आणि वास बदलतो. खालच्या कपाटात, अंधारात ठेवा. उघडलेली बरणी फ्रिजमध्येच, कोरडा चमचा.

नान्नजकर

बिघाडांचं थोडक्यात. वर पाणी सुटलं: आटली कमी. महिन्याच्या आत कळलं, वास-बुडबुडे नसले तर पुन्हा उकळून आटवा, बरण्या पुन्हा भरा. साखरेचे खडे झाले: साखर जास्त, आंबट कमी; दोन चमचे लिंबाचा रस आणि थोडं पाणी घालून गरम केली की सुटतात. झाकण फुगलं, उघडताना फुस्स झालं, आत बुडबुडे: आंबली. टाकून द्या, चाखूनही बघू नका. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालची वापरू नका, तंतू आत गेलेले असतात.

बार्शीकर

कडक भाकरीवर ही चटणी आणि शेंगदाण्याचं कूट एकत्र फार छान लागतं. पण कूट बरणीत मिसळायचं नाही. दाण्याचं तेल खवट होतं आणि आख्खी बरणी त्या वासाची होते. वाढताना चार चमचे चटणीला एक चमचा जाडसर कूट. धपाट्याबरोबर बोर-चिंचेची, भाजणीच्या थालीपीठाबरोबर कैरीची.

केळीबाग

समजलं, केळ्याचा नाद सोडला. पेरू-डाळिंबाची करतो. पाहुण्यांना वाटायची आहे, तर एकदम चौपट प्रमाण एका मोठ्या पातेल्यात लावलं तर चालेल का?

माळढोक

@केळीबाग, नको. पदार्थ चौपट झाला तरी पातेल्याचं तोंड चौपट होत नाही, त्यामुळे पाणी उडायला दीड-दोन तास लागतात. तेवढ्यात रंग जातो, पेरूचं पेक्टिन तुटून चटणी उलट सैल राहते आणि तळ धरतो. एका वेळी वर दिलेल्या प्रमाणाच्या दीडपटीपर्यंतच जा. पेरू चिरणं, रस काढणं, लसूण-आलं ठेचणं आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा; चिरलेल्या पेरूला त्यातलंच थोडं व्हिनेगर चोळा म्हणजे काळा पडत नाही. दुसऱ्या दिवशी दोन शेगड्यांवर दोन पातेली लावली की चार घाणे दुपारपर्यंत होतात. प्रत्येक घाण्याची बरणी वेगळी, वर तारीख आणि घाणा क्रमांक. वाटण्याआधी प्रत्येक घाण्यातली एक बरणी महिनाभर घरी ठेवून उघडून बघा. तेवढ्यात व्हिनेगरचा उग्रपणाही मुरतो.